इकोची चिठ्ठी लिहिण्याआधी रक्ताचा एक आकडा

‘एलव्ही साइझ नॉर्मल, ईएफ ६० टक्के, आरडब्ल्यूएमए नाही, ग्रेड वन डायस्टॉलिक डिस्फंक्शन, ट्रिव्हिअल टीआर.’ साठी उलटलेल्या माणसाचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की कितीतरी वेळा असाच रिपोर्ट हातात पडतो. डॉक्टरच्या लेखी हा वयाला साजेसा, जवळपास नॉर्मल रिपोर्ट. घरच्यांच्या लेखी मात्र ‘हृदयात दोष निघाला, व्हॉल्व्ह लीक आहे’. मग सहा महिन्यांनी पुन्हा इको, मग स्ट्रेस टेस्ट. ज्या दमासाठी हे सगळं सुरू झालं तो दम मात्र तसाच, कारण त्याचं मूळ साडेआठच्या हिमोग्लोबिनमध्ये होतं.

हा फेरा बऱ्याच अंशी टाळता येतो. त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी योग्य माणसात, योग्य वेळी करायची आणि तिचा आकडा नीट वाचायचा. पुढचं विवेचन मुख्यतः फॅमिली डॉक्टर आणि छोट्या नर्सिंग होममधल्या फिजिशियनसाठी आहे. रुग्ण किंवा नातेवाईक वाचत असतील तर त्यांनी स्वतःच्या मनाने इको रद्द करू नये. डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं यातून घ्यावं.

हा आकडा नेमकं काय सांगतो

१९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक पेप्टाइड सापडलं, म्हणून नाव पडलं ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बीएनपी. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतं. कप्प्याच्या भिंतीवर ताण आला की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात आणि तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी. तो काम करतो, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढायला लावतो आणि साधारण २० मिनिटांत निम्मा होतो. ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो काहीच काम करत नाही, पण रक्तात तास-दोन तास टिकतो. मोजायला तोच सोयीचा.

म्हणजे हा आकडा ताणाचा आहे, आजाराच्या नावाचा नाही. ताण नसेल तर आकडा कमी, आणि त्या दमामागे हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरं न पडणं, असण्याची शक्यताही फार कमी. ताण असेल तर आकडा जास्त, पण तो कशामुळे हे सांगायला इकोच लागतो. या तपासणीची खरी ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे. ‘हो’ म्हणायला तिचा वापर केला की चुका सुरू होतात.

रक्त काढण्याआधी

दम लागणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी नको. आधी हात आणि डोळे वापरा. दम चढावर लागतो की आडवं झाल्यावर? रात्री किती उशा लागतात? गळ्यातली शीर फुगलेली आहे का? सूज दोन्ही पायांवर आहे की एकाच? आणि गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, विशेषतः १० मिलिग्रॅम, चालू असेल तर संध्याकाळी घोट्यावर येणारी सूज त्या गोळीचीच असू शकते. हृदय ठणठणीत असतानाही ती येते आणि लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. अशा सुजेसाठी किती इको निघत असतील याची मोजदाद नाही. गोळी बदलून दोन-तीन आठवडे थांबलं तर बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो.

मग सीबीसी, क्रिएटिनिन, टीएसएच, साखर, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि बोटावरचं ऑक्सिजन. आपल्याकडे बायकांमध्ये पंडुरोग इतका सर्रास आहे की हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय दमाचा विचार हृदयाकडे नेऊच नये. ईसीजी पूर्ण नॉर्मल असेल तर पंपिंग बरंच कमी झालेलं असण्याची शक्यता खूप घटते, आणि त्यावर एनटी-प्रोबीएनपीही कमी आला तर ती आणखी घटते. दोन्ही एकत्र वाचायचे. एकावर विसंबू नये.

काही जणांना मात्र या रांगेत उभं करूच नका, त्यांचा इको थेट करा. हृदयावर मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुस आवाज, ऐकू येतो तो माणूस. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोके), लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक किंवा जुन्या अटॅकच्या क्यू वेव्ह आहेत तो. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत धाप लागणारी बाई. चालता चालता चक्कर येऊन पडलेला माणूस. ताप आणि मर्मर एकत्र असलेला रुग्ण. कॅन्सरसाठी अँथ्रासायक्लिन किंवा ट्रास्टुझुमॅब सुरू होणार आहे तो. या सगळ्यांत आकडा काहीही आला तरी इको करावाच लागतो, मग आकड्याचा खर्च कशाला? मर्मरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेला मायट्रल व्हॉल्व्ह आपल्याकडे अजून दिसतो. त्यात ताण वरच्या कप्प्यात असतो, खालच्या डाव्या कप्प्याला तो जाणवत नाही, त्यामुळे धापेच्या मानाने आकडा बेताचाच राहू शकतो. तरुण बाई, धाप, आकडा थोडासा वर, ‘काही नाही, अशक्तपणा आहे’ म्हणून परत पाठवणी, अशी चूक इथेच घडते. स्टेथोस्कोप दोन मिनिटं जास्त लावला, डाव्या कुशीवर वळवून ऐकलं, तर ती टळते.

आणि जो माणूस बोलताना वाक्य पूर्ण करू शकत नाही, ओठ निळे पडलेत, ऑक्सिजन ९० च्या खाली आहे, त्याला आधी ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका. रक्ताच्या आकड्याची वाट बघायची नाही.

नमुना घेताना

उपाशीपोटी यायची गरज नाही, दिवसातली कुठलीही वेळ चालते. पण लॅसिक्सचं (लघवी वाढवणारं) इंजेक्शन देण्याआधी रक्त घ्या. लघवीची गोळी, एसीई इनहिबिटर वगैरे सुरू झाले की ताण उतरतो आणि आकडाही. आधी इंजेक्शन, दोन दिवसांनी ‘बघू या बीएनपी’ असं केलं की कमी आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. सकाळी नर्सिंग होममध्ये धाप घेऊन आलेल्या माणसाला शीर मिळाली की त्याच सुईतून आधी ट्यूब भरायची, मग औषध.

बीएनपी की एनटी-प्रोबीएनपी, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. नुसतं ‘बीएनपी’ लिहिलं की लॅब तिच्या मशीनवर जे असेल ते करते आणि दोन्हींचे आकडे एकमेकांना लावता येत नाहीत. बीएनपी जांभळ्या टोपीच्या, ईडीटीएच्या प्लास्टिक ट्यूबमध्ये घ्यावं लागतं. काचेत ते नासतं, आणि खोलीच्या तापमानाला काही तासांत आकडा घसरू लागतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून नमुना रात्रीच्या गाडीने शहरातल्या लॅबला जाणार असेल तर बीएनपी मागवूच नका. एनटी-प्रोबीएनपी जास्त टिकाऊ आहे, सीरमवरही होतं आणि प्रवास सहन करतं. कुठली ट्यूब हवी ते मात्र लॅबला विचारूनच भरा.

हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन घेणाऱ्यांत तर बीएनपी मुळीच नको. हे औषध बीएनपी मोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे माणूस सुधारत असतानाही बीएनपी वर जाऊ शकतं. एनटी-प्रोबीएनपीवर त्या एन्झाइमचा परिणाम होत नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचाच: केसांसाठी, नखांसाठी गोळी घेता का? ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात आणि रुग्ण त्यांना औषध समजत नाहीत, म्हणून सांगतही नाहीत. ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनचा सांधा वापरतात, तिथे रक्तातलं जादा बायोटिन तो सांधा अडवतं आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) किंवा एनटी-प्रोबीएनपी खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता. निवांत तपासणी असेल तर गोळी दोन दिवस बंद ठेवून रक्त घ्या. तातडीची असेल तर लॅबला तसं कळवा.

आकडा वाचताना

आधी एकक बघा. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच आहेत. रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल तर एनटी-प्रोबीएनपीसाठी त्याला साधारण ८.५ ने गुणा. परदेशातून आलेल्या आई-वडिलांच्या फायलीत हे हमखास भेटतं. १५ पिकोमोल बघून ‘अगदी कमी’ म्हणाल, तर ते १२७ पिकोग्रॅम निघतील.

बाह्यरुग्ण विभागात, हळूहळू वाढलेल्या दमासाठी, युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीची २०२१ ची रेघ एनटी-प्रोबीएनपी १२५ वर आहे (बीएनपीसाठी ३५). त्याखाली हार्ट फेल्युअरची शक्यता फारच कमी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची रेघ ४०० वर आहे: ४०० ते २००० असेल तर सहा आठवड्यांत तज्ज्ञ आणि इको, २००० च्या वर असेल तर दोन आठवड्यांत. दोन रेघांमधला फरक चूक-बरोबरचा नाही. १२५ धरली की निसटणारे रुग्ण कमी, पण इकोला जाणारे जास्त. ४०० धरली की उलटं. आमचं मत असं की पन्नाशीच्या आतल्या माणसात १२५ हीच रेघ धरावी. पंच्याहत्तरीपुढे निरोगी माणसाचाही आकडा १२५ ओलांडतो, तिथे १२५ ला चिकटून राहिलं तर जवळपास प्रत्येक आजोबांचा इको होईल आणि तपासणीचा उपयोगच संपेल. मधल्या वाटेसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये वयाप्रमाणे आकडे सुचवले: पन्नाशीखाली १२५, ५० ते ७४ मध्ये २५०, ७५ आणि पुढे ५००. याच्या वर असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच, इको लवकर करावा.

१२५ आणि वयाची रेघ यांच्या मध्ये आकडा अडकला, ईसीजी नॉर्मल आहे आणि दमाचं दुसरं कारण समोर दिसतंय, तर आधी ते कारण हाताळा. हिमोग्लोबिन वाढवा, थायरॉइड आटोक्यात आणा, दम्याचा पंप सुरू करा. महिना-दीड महिन्याने पुन्हा बघा. दम गेला तर विषय संपला. राहिला तर इको.

कॅज्युअल्टीत अचानक धाप घेऊन आलेल्याला वेगळे आकडे लागतात: एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली (बीएनपी १०० च्या खाली) असेल तर तीव्र हार्ट फेल्युअर बहुतेक नाही. पन्नाशीखाली ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, पंच्याहत्तरीवर १८०० यांच्या वर असेल तर बहुतेक आहे. ओपीडीची १२५ ची रेघ कॅज्युअल्टीत लावणं ही नेहमीची गफलत आहे. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर संदर्भ म्हणून एकच आकडा छापलेला असतो, त्यामुळे ती होते.

आकडा कुठे फसवतो

सगळ्यात घातक फसवणूक जाड माणसात. वजन वाढलं की हृदयावर ताण असूनही आकडा कमी येतो. बीएमआय तीसच्या वर असेल तर रेघ निम्म्यापर्यंत खाली आणावी, म्हणजे १२५ ऐवजी साधारण साठच्या आसपास. मधुमेही, रक्तदाब असलेली, वजनदार, साठीची बाई, आडवं झाल्यावर धाप आणि आकडा ९०: हिला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवू नका. पंपिंग चांगलं असूनही होणारं हार्ट फेल्युअर नेमकं अशाच अंगकाठीत दडतं.

किडनी कमजोर असेल तर उलटं घडतं. एनटी-प्रोबीएनपीचा मोठा वाटा किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून क्रिएटिनिन वाढलं की तोही वाढतो. तरी एक दिलासा आहे: किडनी खराब असूनही आकडा कमी आला तर त्यावर भरवसा ठेवता येतो. जास्त आला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. न्यूमोनिया, फुप्फुसातली गुठळी, जुना सीओपीडी, सेप्सिस यांतही आकडा चढतो. काही तासांतच छातीत पाणी भरलेल्या माणसात आणि हृदयाचं आवरण आवळलेल्या आजारात तो अपेक्षेपेक्षा कमी असू शकतो.

हार्ट फेल्युअरचं निदान झालेला, स्थिर रुग्ण दर सहा महिन्यांनी ‘रुटीन इको’साठी येत असेल, तर तोही टाळता येण्यासारखा आहे. कोरड्या, बऱ्या अवस्थेतला त्याचा स्वतःचा आकडा फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की त्याच प्रकारची तपासणी, शक्यतो त्याच लॅबमधून. ३० टक्क्यांहून कमी चढ-उतार हा रोजच्या हेलकाव्याचा भाग समजा. आकडा दुप्पट झाला आणि वजन तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर मात्र औषधं, मीठ आणि मग इको. निव्वळ आकडा खाली आणण्यासाठी औषधं चढवत नेण्यात फायदा दिसलेला नाही. अमेरिकेतला गाइड-आयटी हा मोठा अभ्यास याच कारणाने मध्येच थांबवावा लागला होता.

ऑपरेशनच्या फिटनेससाठी

‘फिटनेससाठी टूडी इको’ ही चिठ्ठी इतकी सवयीची झाली आहे की ती कशासाठी हे कुणी विचारत नाही. मोतीबिंदूपासून सुरुवात करू. त्यासाठी इको नको, आणि एनटी-प्रोबीएनपीही नको. अमेरिका-कॅनडात १९ हजारांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांवर झालेल्या, २००० मध्ये छापलेल्या अभ्यासात सरसकट तपासण्या केल्याने गुंतागुंत कमी झाली नाही. रक्तदाब, साखर, रुग्ण अर्धा तास आडवा झोपू शकतो का, इतकं बघा.

रात्रभर ॲडमिट राहावं लागेल अशा मोठ्या ऑपरेशनसाठी कॅनडाच्या कार्डिओव्हॅस्क्युलर सोसायटीची २०१७ ची पद्धत आम्हाला सर्वांत वापरण्याजोगी वाटते. वय ६५ किंवा जास्त. किंवा ४५ ते ६४ मध्ये हृदयरोग आहे. किंवा जुना अटॅक, हार्ट फेल्युअर, अर्धांगवायू, इन्सुलिनवरचा मधुमेह, २ च्या वर क्रिएटिनिन यांपैकी काही आहे, तर ऑपरेशनआधी एनटी-प्रोबीएनपी करा. ३०० च्या खाली (बीएनपी असेल तर ९२ च्या खाली) आलं तर हृदयासाठी वेगळं काही नको. ३०० किंवा वर आलं तर ऑपरेशननंतर ४८ ते ७२ तास रोज ट्रोपोनिन आणि रिकव्हरीत एक ईसीजी. धोका मोजण्यासाठी सरसकट इको करू नये, असं ही संस्था स्पष्ट सांगते.

याला अपवाद आहे आणि तो जिवावरचा आहे. छातीच्या उजव्या बाजूला वरच्या भागात मर्मर, तो मानेत ऐकू जातोय, नाडी मंद चढतेय, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद असू शकतो. अशा माणसाला पाठीत भूल दिली, रक्तदाब कोसळला, तर सावरणं फार अवघड जातं. तिथे आकडा २०० असो की २०००, इको झाल्याशिवाय टेबलवर घ्यायचं नाही. आणि आतडं फुटलेल्या, तातडीच्या ऑपरेशनमध्ये कुठल्याच आकड्यासाठी थांबायचं नाही.

छातीत दुखतंय तेव्हा

इथे काम ट्रोपोनिनचं, आणि पहिल्या दहा मिनिटांत ईसीजीचं. ईसीजीत एसटी वर उचललेला असेल तर रक्ताची वाट न बघता पुढची हालचाल.

ईसीजी स्वच्छ असेल तर नमुना किती वाजता घेतला आणि दुखणं किती वाजता सुरू झालं, या दोन वेळा कागदावर लिहा. त्याशिवाय आकडा वाचताच येत नाही. हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन टी, रॉश कंपनीच्या एलेक्सिस पद्धतीने, दुखणं सुरू होऊन तीन तास उलटल्यावर ५ नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आलं तर एकाच नमुन्यावर अटॅक नाकारता येतो. नाहीतर पहिला १२ च्या खाली आणि तासाभराने फरक ३ पेक्षा कमी, तरीही नाकारता येतो. पहिलाच ५२ किंवा वर, किंवा तासात ५ वा जास्त वाढ, तर अटॅक धरून चाला. मधल्यांचा तिसऱ्या तासाला पुन्हा. हे आकडे त्या एकाच पद्धतीचे. ट्रोपोनिन आयच्या मशीनला ते लावू नका. रिपोर्ट यायलाच तास लागत असेल तर शून्य आणि तीन तास हीच वाटणी धरा, दोन्ही नमुने एकाच मशीनवर. एकक इथेही बघा: ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. कार्डावर एक रेघ येणारी ट्रॉप-टी लवकरच्या तासांत निगेटिव्ह आली म्हणून कुणाला घरी सोडू नका, तिची पकड त्यासाठी पुरेशी बारीक नाही.

दोन्ही नमुने कमी, ईसीजी स्वच्छ आणि हार्ट स्कोअर (लक्षणं, ईसीजी, वय, जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन यांचे मिळून गुण) ० ते ३: तातडीचा इको, स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओ यातलं काही लागत नाही. अशा वेळी ‘खात्रीसाठी’ इको करणं तर उलट फसवं, कारण रक्तवाहिनीत ७० टक्के ब्लॉक असूनही बसल्या जागी केलेला इको पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. रुग्ण मात्र ‘इको नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होतो.

ट्रोपोनिन अटॅक नाकारतं, ब्लॉक नाही. चालताना छाती आवळते आणि थांबलं की मोकळी होते, असं सांगणाऱ्याला शून्य ट्रोपोनिनवरही कार्डिओलॉजिस्टकडे पाठवायचंच. बाकीच्यांना घरी सोडताना चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: दुखणं पुन्हा आलं आणि १५ मिनिटांहून जास्त टिकलं, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात गेलं, किंवा धाप लागली, तर उद्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि खाली आजच्या दोन्ही ट्रोपोनिनचे आकडे, एकक आणि वेळ, म्हणजे पुढच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.